कुत्र्यांमधील संसर्गजन्य खोकला
कुत्र्यांमधील संसर्गजन्य खोकला हा घसा व श्वासनलिकेला सूज आणणारा विकार आहे. अनेक कुत्री एकत्र ठेवली जातात अशा श्वानगृहांत तो झपाट्याने पसरतो, म्हणून त्यास ‘केनेल कफ’ म्हणतात. बोर्डेटेला ब्रॉंकिसेप्टिका हा जिवाणू, तसेच श्वान पॅराइन्फ्लुएन्झा व श्वान ॲडेनोव्हायरस-२ हे विषाणू त्याची प्रमुख कारणे होत.

लक्षणे

संसर्गानंतर साधारणतः २ ते १४ दिवसांत कोरडा, कर्कश खोकला सुरू होतो. उबळीच्या शेवटी ओकारी येऊन पांढरा फेस पडतो. त्यामुळे घशात हाड अडकले असा घरच्यांचा समज होतो आणि ते कुत्र्याच्या तोंडात बोटे घालतात. हे धोक्याचे आहे. रेबीजग्रस्त कुत्राही घशात काही अडकल्यासारखा दिसू शकतो.

कुत्रा खातपीत व खेळत असल्यास खोकला बहुधा १ ते ३ आठवड्यांत थांबतो. मात्र डिस्टेंपर या प्राणघातक रोगाची सुरुवातही अशाच खोकल्याने होऊ शकते. त्याचा विषाणू माणसांतील गोवराच्या विषाणूच्या कुळातील आहे. ताप, डोळ्या-नाकांतून घट्ट पिवळा स्राव, अन्नावरची वासना उडणे, जुलाब ही त्याची लक्षणे. पुढे पायांच्या गाद्या कडक होतात, जबडा थरथरतो, झटके येतात. खोकला ओसरल्यानंतर काही आठवड्यांनीही झटके सुरू होऊ शकतात. यांपैकी एकही लक्षण दिसल्यास पशुवैद्यकाकडे नेण्यास विलंब करू नये.

काळजी व प्रतिबंध

आजारी कुत्र्यास किमान दोन आठवडे इतर कुत्र्यांपासून वेगळे ठेवावे. त्याचे पाण्याचे भांडेही निराळे असावे. गळपट्ट्याऐवजी छातीपट्टा वापरावा व चुलीच्या धुरापासून त्यास दूर ठेवावे. माणसांची खोकल्याची किंवा तापाची औषधे देऊ नयेत; आयबुप्रोफेन कुत्र्यांस विषारी ठरते. रेबीजची लस या खोकल्यापासून किंवा डिस्टेंपरपासून संरक्षण देत नाही, हे अनेकांच्या ध्यानी नसते. डिस्टेंपर व ॲडेनोव्हायरसची एकत्रित लस पिलांना ६ ते ८ आठवड्यांच्या वयापासून टप्प्याटप्प्याने दिली जाते.

वन्यजीवांना धोका

गोंदिया व भंडारा जिल्ह्यांत पसरलेला नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये घोषित झाला. येथील रानकुत्रे व वाघ दोघांनाही डिस्टेंपर होऊ शकतो. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१८ मध्ये गुजरातमधील गीरच्या जंगलात २३ सिंह दगावले. त्यांपैकी काहींमध्ये हाच विषाणू आढळला. वनालगतच्या गावांतील गुराख्यांमागे किंवा मोहफुले वेचणाऱ्यांमागे कुत्री जंगलात जातात. खोकणारे कुत्रे अशा वेळी घरीच बांधून ठेवावे.