चष्मामुक्तीची शस्त्रक्रिया : रुग्णालय कसे पारखावे?

जाफ्राबाद तालुक्यातील टेंभुर्णी व परिसरातील गावांत (सोलापूरकडील टेंभुर्णी निराळी) व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधूंना आणि औषधविक्रेत्यांना हल्ली एक प्रश्न वरचेवर विचारला जातो. मुलाचा चष्म्याचा नंबर लेसरने काढावयाचा आहे, कोणत्या दवाखान्यात न्यावे? विचारणारा बहुधा भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचा किंवा लग्न ठरू घातलेल्या मुलीचा पालक असतो. त्याच्या हाती एखादी जाहिरात असते आणि त्यावर ‘पासून’ या शब्दाने सुरू होणारा दर असतो.

मोतीबिंदूच्या रुग्णाबाबत आपणास असा पेच पडत नाही. जालन्याच्या श्री गणपती नेत्रालयासारखी धर्मादाय संस्था मराठवाड्यात सर्वपरिचित आहे आणि मोतीबिंदू हा व्याधी असल्याने शस्त्रकर्माची आवश्यकताही निर्विवाद असते. चष्म्याच्या नंबराची गोष्ट वेगळी आहे. येथे शस्त्रकर्म होते ते निरोगी डोळ्यावर आणि रुग्णाच्या इच्छेखातर. चष्मा लावून ज्यास स्पष्ट दिसते, त्याने शस्त्रक्रिया न केल्यास त्याचे काहीही बिघडत नाही. म्हणूनच रुग्णालयाची पारख यंत्राच्या नावावरून किंवा दरावरून न करता, ते कोणास नकार देते यावरून करावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

सुश्रुताचार्यांनी लिंगनाशाच्या प्रकारांपैकी केवळ कफज लिंगनाश वेधनकर्मास योग्य मानला, हे आपण सर्व जाणतोच. शस्त्र हाती घेण्यापूर्वी रुग्णाची निवड, हा क्रम तेथेही होता.

लेसरच्या शोधाशी एका भारतीयाचे नाव निगडित आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ रंगस्वामी श्रीनिवासन यांनी अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत 1981 साली दाखवून दिले की, एक्सायमर लेसरचे अतिनील किरण प्राणिज ऊतीचा सूक्ष्म थर आजूबाजूस न भाजता काढू शकतात. त्यांचा पहिला प्रयोग मेजवानीतील उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर झाला होता! याच तत्त्वावर पुढे स्वच्छमंडल, म्हणजे कॉर्निया, तासून त्याची वक्रता बदलण्याची पद्धत निघाली. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पातळ पापुद्रा उचलून खालचा भाग तासतात व पापुद्रा पुन्हा बसवितात. पीआरकेमध्ये पापुद्रा न करता वरची त्वचा दूर करून तासतात. त्यात वेदना अधिक व दृष्टी स्थिरावण्यास वेळ अधिक लागतो. स्माइल पद्धतीत लहान छेदातून आतील चकती काढून घेतात. ज्यांचा नंबर फार मोठा किंवा कॉर्निया पातळ आहे, त्यांच्या डोळ्यात नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्यापुढे कृत्रिम भिंग बसविण्याचाही मार्ग आहे. एकच पद्धत सर्वांस सुचविणाऱ्या रुग्णालयाविषयी सावध असावे. बहुधा तेथे एकच यंत्र असते.

आता मूळ मुद्दा, अर्थात मोजमापाचा. कॉर्नियाची मध्यभागाची जाडी सामान्यतः 540 मायक्रॉनच्या आसपास असते. एक नंबर उतरविण्यास सुमारे 12 ते 16 मायक्रॉन ऊती जाते. लॅसिकचा पापुद्रा 110 मायक्रॉनचा व एका नंबरास 15 मायक्रॉन धरले, तर उणे 4 नंबरच्या रुग्णाचे 60 अधिक 110, असे 170 मायक्रॉन खर्ची पडतात व खाली 370 उरतात. हे सुरक्षित आहे. याउलट कॉर्निया 490 व नंबर उणे 8 असेल, तर 120 अधिक 110, असे 230 जाऊन 260 मायक्रॉन उरतात. किमान 250 उरावेत हा जुना दंडक येथे कसाबसा पाळला जातो. परंतु मूळ जाडीच्या 47 टक्के भाग दुर्बल झालेला असतो, आणि 40 टक्क्यांच्या पुढे धोका वाढतो असे आज मानले जाते. असा कॉर्निया पुढे पुढे फुगून शंकूसारखा होऊ शकतो. मग दृष्टी चष्म्यानेही सुधारत नाही आणि क्वचित नेत्ररोपणाची पाळी येते. हा हिशेब कागदावर मांडून दाखवावा, असे रुग्णाने विचारण्यास मुळीच संकोच करू नये.

केवळ जाडी पुरेशी नाही. कॉर्नियाच्या पुढील व मागील दोन्ही पृष्ठभागांचा नकाशा काढणारी तपासणी झालीच पाहिजे. कारण शंक्वाकृती कॉर्नियाचा, म्हणजे केराटोकोनसचा, आरंभ साध्या तपासणीत दिसत नाही. आपल्या भागात उन्हाळ्यात धुळीने डोळे लाल होऊन ते सतत चोळणारी मुले पुष्कळ आढळतात. डोळे चोळण्याची सवय व केराटोकोनस यांचा निकटचा संबंध आहे. अशा मुलाची माहिती आपल्यापाशी असते, ती शहरातील शल्यविदास नसते. चिठ्ठीत तिचा स्पष्ट उल्लेख करावा. नंबर वर्षावर्षाला बदलत असेल तर हाच संशय प्रथम घ्यावा.

कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याची मोजमापे लेन्स काढल्यावर लगेच घेतली तर ती चुकतात. मऊ लेन्स एक-दोन आठवडे, कठीण लेन्स त्याहून अधिक काळ बंद ठेवावी लागते. ‘आज या, आजच करून जा’ असे सांगणाऱ्या ठिकाणी ही अट कशी पाळली जाते, ते विचारावे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटल पाहिले गेले पाहिजे, कारण मोठ्या उणे नंबरच्या डोळ्यात ते विरळ किंवा छिद्रयुक्त असू शकते व लेसरने नंबर गेला तरी तो धोका जात नाही. अश्रूंची तपासणीही हवी. शस्त्रक्रियेनंतर काही महिने डोळे कोरडे पडणे ही नेहमीची तक्रार आहे. वय 18 च्या आत असल्यास, वर्षभर नंबर स्थिर नसल्यास, गर्भावस्थेत वा स्तन्यपानाच्या काळात, तसेच मधुमेह ताब्यात नसताना चांगले रुग्णालय थांबावयास सांगते.

कोणाशी बोलणे झाले, हेही पाहावे. पुष्कळ ठिकाणी पैशाचे बोलणे करणारा कर्मचारीच शंकांचे निरसन करतो आणि शल्यविद थेट शस्त्रक्रियागृहात भेटतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याने स्वतः तपासावे, रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात हे स्वतः सांगावे, आणि चाळिशीनंतर वाचनाचा चष्मा लागेलच हेही लपवू नये. त्याची महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडील नोंदणी व रुग्णालयाची शुश्रूषागृह कायद्याखालील नोंदणी पाहण्याचा रुग्णास अधिकार आहे. राज्याच्या 2021 च्या सुधारित नियमांत रुग्णहक्कांची सनदही समाविष्ट आहे. टेंभुर्णीच्या रुग्णाने आणखी एक प्रश्न विचारावा : रात्री डोळ्यास मार लागून पापुद्रा सरकला, तर दूरध्वनी कोण घेईल, आणि पुन्हा तपासणीचे पैसे मूळ दरात धरले आहेत काय? पुण्यामुंबईच्या स्वस्त दरात वारंवार जाण्यायेण्याचा खर्च व बुडालेली मजुरी मिळविली, तर तो दर स्वस्त राहत नाही.

आरोग्यविम्याच्या भरवशावर कोणी बसू नये. विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांनुसार 7.5 पेक्षा कमी नंबरच्या उपचारांचा खर्च देय नाही. भरतीच्या उमेदवारांनी तर आधी मूळ जाहिरात वाचावी. रेल्वेच्या सहाय्यक लोको पायलट पदासाठी लॅसिक केलेला उमेदवार अपात्र ठरविला गेला आहे. सैन्यदलांत शाखेनुसार अटी वेगळ्या आहेत. शस्त्रक्रिया आधी व जाहिरात नंतर वाचली, तर ज्या नोकरीसाठी खटाटोप केला तीच हातची जाते.

एक अप्रिय गोष्टही मांडणे प्राप्त आहे. काही ठिकाणांहून रुग्ण पाठविल्याबद्दल पाकीट देऊ केले जाते. या कटप्रथेविरुद्ध 2017 मध्ये राज्य शासनाने कायद्याचा मसुदा तयार करविला होता, यावरूनच तिची व्याप्ती ध्यानी यावी. निरोगी डोळा ज्याच्या शब्दावर शस्त्राखाली जातो, त्याचा त्या शस्त्रक्रियेच्या दरात वाटा असेल तर ‘हा डोळा योग्य नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघणे कठीण.

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण आपल्याकडे परत येतो. शल्यविदाची लेखी अनुमती मिळेपर्यंत नेत्रतर्पण, अंजन, आश्च्योतन यांपैकी काहीही करू नये. ताज्या जखमेत घृत वा मध गेल्यास जंतुसंसर्गाचे भय असते. औषधविक्रेत्यांनी स्टिरॉइडयुक्त थेंब जुन्या चिठ्ठीवर पुन्हा देऊ नयेत, त्यांनी डोळ्यातील दाब वाढतो. शिवाय कॉर्निया पातळ झाल्याने असा वाढलेला दाब यंत्रावर कमी दिसतो, आणि काचबिंदू नजरेतून सुटतो. ‘थेंबांनी चष्मा घालवा’ अशी पाटी दुकानात लावणाऱ्यांनी 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याची अनुसूची एकदा डोळ्यांखालून घालावी.

आणि रुग्णास सांगावे की, शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर, कॉर्नियाची जाडी व नकाशे यांच्या प्रती मागून घ्याव्यात आणि सातबाराच्या उताऱ्याइतक्याच जपून ठेवाव्यात. साठीच्या आसपास मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवावयाच्या भिंगाचा नंबर काढताना नेत्रतज्ज्ञ तेच कागद मागतील.