बाळाचे डोके चपटे का होते?

नवजात बाळाच्या कवटीची हाडे मऊ असतात आणि एकमेकांशी पक्की जुळलेली नसतात. मेंदूच्या झपाट्याने होणाऱ्या वाढीसाठी निसर्गाने केलेली ही सोय आहे. मात्र बाळ सतत एकाच बाजूला मान वळवून झोपले, तर तेवढाच भाग दबून चपटा होतो.

१९९२ मध्ये अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाळांना पालथे न झोपवण्याचा सल्ला दिला. त्यानंतरच्या दशकात तेथील अर्भकांचे झोपेतील आकस्मिक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. चपट्या डोक्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. तरीही बाळाला उताणेच झोपवावे, कारण प्रश्न जिवाचा आहे.

बाळ उजेडाकडे आणि आवाजाकडे मान वळवते. त्यामुळे उशाची बाजू रोज बदलावी. जागेपणी देखरेखीखाली दिवसातून अनेकदा थोडा वेळ पालथे ठेवल्यास मान व खांदेही बळकट होतात. आपल्याकडे रूढ असलेली मोहरीची उशी टाळावी. झोपेत कोणत्याही उशीने बाळ गुदमरण्याचा धोका असतो. मालिश करताना डोके दाबून आकार देऊ नये.

बाळ बसू लागल्यावर हा चपटेपणा बहुधा कमी होतो. मात्र मान एकाच बाजूला वळत असेल, तर स्नायू आखडलेला असू शकतो. त्यावर व्यायामोपचार आहेत. डोक्यावर कडक उंचवटा जाणवल्यास कवटीचे सांधे अकाली जुळल्याची शक्यता असते. अशा वेळी बालरोगतज्ज्ञांकडे जाण्यास विलंब करू नये.