जुन्या स्मरणिकेची फाइल उघडताना

आपल्या आदिलाबादकडच्या मराठी घरांत स्मरणिका, वंशावळी, लग्नपत्रिका यांच्या जुन्या सीडी अजून कपाटात सापडतात. फाइल पेजमेकरची निघाली तर घाबरू नका. ते सॉफ्टवेअर १९८५ साली आलं आणि २००१ च्या ७.० नंतर थांबलं, पण फुकट मिळणारं लिब्रेऑफिस २०१५ पासून अशा फायली उघडू शकतं. मांडणी थोडी विसकटेल, तेवढं चालवून घ्या.

खरी गंमत पुढे आहे. मराठीऐवजी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. श्रीलिपी, आकृतीच्या त्या जुन्या फॉन्टमध्ये 'क' हा 'क' म्हणून साठवलेलाच नसे. रोमन अक्षराच्या जागी त्याचं चित्र बसवलेलं असे. म्हणून सीडीवर फॉन्टची फाइल आहे का, ते आधी शोधा. मग त्याच फॉन्टसाठी बनवलेल्या कन्व्हर्टरने मजकूर युनिकोडमध्ये आणा. श्रीलिपीचा कन्व्हर्टर आकृतीला चालत नाही.

रफार, ऱ्हस्व इकार आणि 'ऱ्या' इथे बरेचदा घोळ होतो. नावं-आडनावं घरच्या मोठ्यांना वाचून दाखवा. फोटोखालचा माणूस कोण, हे त्यांनाच ओळखता येतं आणि हे काम पुढच्या दिवाळीवर ढकलण्यासारखं नाही. मूळ फाइल पुसू नका. युनिकोड प्रत आणि पीडीएफ तिच्या शेजारी ठेवा.