दोऱ्याने मोजलेली अमेरिका

लेकीच्या बाळंतपणासाठी आईने परदेशी जाणे आता आपल्या कोल्हापुरातही नवे राहिलेले नाही. आमच्याकडेही तीच वेळ आली. धाकटी बहीण न्यूयॉर्कजवळ राहते. तिचे दिवस भरत आलेले, इकडे डिंकाचे लाडू बांधून तयार, पण आईचा पाय काही निघेना. भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाली, "अगं, सगळं पाणीच की खाली! एकटी कशी जाऊ?"

मी पडले अर्धवेळ शिक्षिका. शाळेतला पृथ्वीगोल मागून आणला आणि शिवणाच्या डब्यातला दोरा काढला. तुम्हीही मुलांना घेऊन हे जरूर करून पाहा.

आधी दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजावा. आमचा ९४ सेंटिमीटर भरला. पृथ्वीचा तिथला घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे एका सेंटिमीटरला सुमारे ४२५ किलोमीटर. मग दोऱ्याचे एक टोक मुंबईवर, दुसरे न्यूयॉर्कवर धरून ताणावा. ढिला ठेवू नये. तो आपोआप सर्वांत जवळच्या वाटेवर बसतो. साडेएकोणतीस सेंटिमीटर भरले, म्हणजे जवळजवळ १२,५०० किलोमीटर!

खरी गंमत पुढेच आहे. सपाट नकाशावर पट्टी ठेवली, तर रेघ अरबस्तान, सहारा करत थेट अटलांटिकमध्ये उतरते. दोरा मात्र उत्तरेला चढला. अफगाणिस्तान, रशिया, फिनलंड, नॉर्वे, आइसलंड, ग्रीनलंडचे टोक आणि कॅनडा! गोल पृथ्वी कागदावर सपाट करताना वरचे प्रदेश ताणले जातात, म्हणून ही फसगत होते.

विमान अगदी दोऱ्यावरूनच जाते असे मात्र नाही. वारा बघावा लागतो, शिवाय देशोदेशींचे आकाशही बंद होते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा त्यांना वळसा पडला. तरी वाट अवघड म्हणून बायका मागे राहिलेल्या नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचे विमान सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून बेंगळुरूला आणले.

आईने सगळे ऐकून घेतले. मग हळूच म्हणाली, "पाण्याचं नाही गं. तुझे बाबा गेले तेव्हा तिला पोचायला दोन दिवस लागले. तिकडं असताना मला काही झालं, तर तुला किती लागतील?"

याचे उत्तर माझ्या दोऱ्यात नव्हते. मी तिच्याजवळ बसले. थोड्या वेळाने तीच उठली. "आत्ता तिला माझी गरज आहे," म्हणाली आणि पेटी उघडली.

तुमच्याही घरून कोणी निघणार असेल, तर औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत द्या. चाकाची खुर्ची लागणार असेल, तर आधीच सांगून ठेवा. विमानात मधूनमधून उठून चालायला सांगा. आणि निघण्याआधी जवळ बसून, भीती नेमकी कशाची आहे, तेवढे विचारा.