स्पंदक ताऱ्यांचा दृश्य प्रकाश

स्पंदक म्हणजे प्रबल चुंबकीय क्षेत्र असलेला व वेगाने परिवलन करणारा न्यूट्रॉन तारा. त्याचा प्रारण-झोत प्रत्येक परिवलनात पृथ्वीच्या दिशेस आला की स्पंद मिळतो. ज्ञात स्पंदक ३,००० हून अधिक असून बहुतेक रेडिओ तरंगांत सापडले आहेत. दृश्य प्रकाशातील स्पंद मात्र मोजक्यांचेच नोंदले गेले आहेत.

असा पहिला स्पंदक वृषभ राशीतील क्रॅब (खेकडा) अभ्रिकेत आहे. डब्ल्यू. जे. कॉक, एम. जे. डिस्नी व डी. जे. टेलर यांनी १९६९ मध्ये अ‍ॅरिझोनातील स्ट्यूअर्ड वेधशाळेतून त्याचे प्रकाशस्पंद ओळखले. हा सु. १६·५ प्रतीचा तारा सेकंदाला सु. ३० वेळा परिवलन करतो. त्यामुळे दूरदर्शकातून तो स्थिरच भासतो. व्हेला स्पंदकाचे प्रकाशस्पंद १९७७ मध्ये नोंदले गेले. तो सु. २४ व्या प्रतीचा, म्हणजे पुष्कळच मंद आहे.

एका परिवलनात येणारे प्रकाशकण फारच थोडे असतात. म्हणून प्रत्येक कणाच्या आगमनाची वेळ नोंदून असंख्य परिवलनांतील नोंदी एकाच आवर्तकालावर रचतात. त्यासाठी आवर्तकाल अचूक हवा. क्रॅब स्पंदकाचा तर तो दररोज सु. ३६ अब्जांश सेकंदाने वाढतो. अशा कालमापनास रेडिओ वेध उपयोगी पडतात. पुणे जिल्ह्यातील खोडद येथील, ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्यांच्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दूरदर्शकाने स्पंदकांचे वेध घेतले जातात.

आंतरतारकीय इलेक्ट्रॉनांमुळे रेडिओ तरंगांना होणारा विलंब वजा केल्यावरही क्रॅबचा प्रकाशस्पंद रेडिओ स्पंदाच्या किंचित आधी येतो. यावरून दोन्ही प्रारणांची उगमस्थाने तंतोतंत एकच नसावीत, असे अनुमान निघते.