मामांची फियाट आणि पसरणीचा घाट

वाईला आमच्या मामांच्या वाड्यात, गोठ्याच्या शेजारी, एक बंद खोली होती. तिच्यात १९६६ साली घेतलेली अकराशे फियाट उभी होती. १९९६ साली मामांची दृष्टी अधू झाली, त्यांनी गाडी आत लावली, कुलूप घातले आणि पुन्हा ते उघडलेच नाही. मामा गेल्यावर, २०१२ च्या दिवाळीत, मामींनी मला बोलावून सांगितले, "अरे, भंगारवाला वजनावर मागतो आहे. तू शाळेत पोरांना विज्ञान शिकवतोस ना? मग ही चालू करून दाखव. नाही जमली तर देऊन टाकते."

विद्यार्थी मित्रांनो, आव्हान असे थेट आले की माघार घेता येत नाही. पदार्थविज्ञान शिकवण्यात माझी वीस-बावीस वर्षे गेली होती. पण पाना हातात धरून नट फिरवण्याचा सराव फार थोडा. गाडी रस्त्यावर यायला पुढे जवळजवळ दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांत मी जे शिकलो, त्यातले निम्मे चुका करून शिकलो. त्या चुकांसकट ही हकिकत सांगतो.

आधी गाडीची थोडी ओळख. इटलीच्या फियाट कंपनीने १९५३ साली या जातीची पहिली मोटार दाखवली. आपल्याकडे ती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात होऊ लागली. सुरुवातीचे गोल नाकाचे मॉडेल लोकांनी 'डुक्कर फियाट' म्हणून डोक्यावर घेतले. १९६४ पासून चौकोनी अंगाची अकराशे डी आली; तीच मामांची. पुढे १९७० च्या दशकात तिचे नाव 'पद्मिनी' झाले, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

'अकराशे' हे नाव कशावरून? वहीत गणित करून पाहा. इंजिनात चार सिलिंडर. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि आतल्या दट्ट्याची धाव ७५ मिलिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला येतेच. चारांची बेरीज १०८९ घन सेंटिमीटर भरते. म्हणजे अकराशेला अकरा कमी! एवढ्या जागेतून चाळीसेक अश्वशक्ती निघे.

खोली उघडली तेव्हा यातले काही निघण्याची चिन्हे नव्हती. चारही चाके बसलेली, गादीतल्या काथ्यात उंदरांची वसाहत, आणि तारांवरचे वेष्टण त्यांनीच कुरतडलेले. इंजिन हाताने फिरेना. सोळा पावसाळ्यांची दमट हवा सिलिंडरमध्ये शिरून कड्या भिंतींना गंजाने चिकटल्या होत्या. आमच्या गल्लीच्या टोकाला एक वयस्कर मिस्त्री राहत. त्यांनी प्लग काढले, प्रत्येक भोकातून थोडे रॉकेल आणि तेल यांचे मिश्रण ओतले आणि म्हणाले, "सर, आता आठ दिवस हिला हात लावू नका."

मी पाचव्या दिवशी हात लावला. इंजिनाला नव्हे, सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळकांड्याच्या नटाला. तो गंजला होता. मी पान्याला लांब पाइप अडकवून जोर लावला आणि कट्‌ असा आवाज झाला. नट सुटला नव्हता, खालचा स्टडच तुटला होता. तो कोरून काढायला मिस्त्रींना दोन दिवस लागले. ते रागावले नाहीत, पण बाकीचे नट त्यांनी माझ्यादेखत वेगळ्या रीतीने काढले. पेट्रोलची टाकी आम्ही आधीच उतरवून लांब नेली होती. मग ज्योतीने फक्त नट तापवायचा, आणि लगेच पाना लावायचा. अलगद सुटे.

इथे नेहमीचा प्रश्न येतो, आणि दर वर्षी वर्गातली निम्मी मुले त्याचे उत्तर चुकवतात. नट तापला म्हणजे प्रसरण पावला. मग त्याचे भोक लहान होईल की मोठे? लोखंड सर्व बाजूंनी वाढते, आत सुद्धा वाढते, म्हणून भोक आवळेल असे वाटते. प्रत्यक्षात भोकही मोठे होते. समजा, भोकाच्या जागी लोखंडाचीच चकती असती, तर तीही तापून मोठी झालीच असती. तिला जेवढी जागा लागली असती, तेवढीच जागा भोक करून देते. दहा मिलिमीटरचे भोक २०० अंशांनी तापवले, तर ते सुमारे ०.०२४ मिलिमीटरने वाढते. म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा! पण गंजाची पकड सोडवायला तेवढे पुरते. मी हे सूत्र फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेन. पण त्या वेळी हातात पाना आल्यावर नेमके ते आठवले नाही.

गंजाने आणखी एक धडा दिला. या गाडीला ट्रकसारखी वेगळी चौकट नाही. पत्र्याचे अंग हीच तिची चौकट. त्यामुळे पत्रा सडला तर केवळ शोभा जात नाही, गाडीचा कणाच जातो. वरून पाहता दारांखालची पट्टी ठाकठीक दिसत होती. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढला आणि पट्टीवरून फिरवला. एक वीत चिकटला, पुढे दोन विती चिकटेचना. तिथे पत्रा नव्हताच. कोणीतरी पूर्वी भोकांत पुट्टी भरून वर रंग दिला होता. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, म्हणून तो रंगाला खालून उचलतो आणि फोड येतात. रंगावर फोड दिसला की त्याखाली बरेच काही घडून गेलेले असते. सडका भाग कापून नवा पत्रा जोडणे एवढाच उपाय. त्यात आमचे सर्वाधिक पैसे गेले, आणि गाडी पूर्ण झाल्यावर ते काम कोणाला दिसलेही नाही.

आता माझी सर्वांत मोठी चूक. इंजिन मोकळे झाले, नवी बॅटरी आली. जुन्या मोटारीत ठिणगी पाडण्याची युक्ती मोठी सुंदर आहे. गुंडाळीतून १२ व्होल्टचा प्रवाह वाहत असतो. एक छोटा सांधा तो प्रवाह एकदम तोडतो. चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि शेजारच्या हजारो वेढ्यांच्या गुंडाळीत पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब उत्पन्न होतो. फॅरेडेने १८३१ साली जे पाहिले, तेच हे. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर दर दोन फेऱ्यांना चार, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. आणि तो सांधा तितक्याच वेळा उघडतो-मिटतो. त्याची फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची.

हा उच्च दाब चार तारांनी चार सिलिंडरांना वाटला जातो. क्रम एक, दोन, तीन, चार असा नसतो. एक, तीन, चार, दोन असा असतो. मी तारा पुसायला काढल्या, खुणा केल्या नाहीत, आणि लावताना दोन आणि तीन यांची अदलाबदल केली. माझा मुलगा किल्ली फिरवायला बसला. मी वरची हवेची गाळणी काढून कारबुरेटरमध्ये डोकावत उभा.

दोन नंबरच्या सिलिंडरला आता ठिणगी बरोबर एक फेरा चुकून मिळणार होती. दट्ट्या वरच होता, पण ती दाबाची वेळ नव्हती. जळका वायू जाऊन ताजे मिश्रण आत येऊ लागण्याची होती. आत येण्याची झडप किंचित उघडली होती. मिश्रण पेटले आणि ज्वाळा आल्या वाटेने परत बाहेर आली. माझी उजवी भुवई गेली. त्याहून वाईट म्हणजे कारबुरेटरवर सांडलेले पेट्रोल पेटले. खोलीच्या एका कोपऱ्यात वाळूची बादली होती. ती ठेवण्याचा आग्रह मामींचा. मुलाने धावत येऊन ती पुरी इंजिनावर रिती केली. आग विझली. वाळू मात्र कारबुरेटरमध्ये, आणि त्यातून आत, सर्वत्र गेली. आम्ही पुन्हा सगळे इंजिन उघडले. तीन महिने मागे आलो. तरी मुलाने केले ते योग्यच होते. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकले असते तर पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरले असते.

ब्रेकांची हकिकत थोडक्यात सांगतो. या गाडीत पावलाचा दाब द्रवामार्फत चारही चाकांना जातो, पास्कलचा नियम. पण तो एकाच जोडलेल्या नळीजाळ्यातून जातो. एका ठिकाणचे रबर फाटले की चारही ब्रेक जातात. आम्ही तीन चाकांची रबरे बदलली, चौथे 'चांगले दिसते' म्हणून ठेवले. पहिल्याच फेरीत पाय थेट तळाला टेकला आणि गाडी गोठ्याच्या भिंतीवर जाऊन थांबली. वेग चालण्याइतका होता म्हणून निभावले. जुन्या ब्रेकच्या अस्तरात अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकून उडवायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. बंद खोलीत इंजिनही चालू ठेवायचे नाही, कारण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रंगहीन, गंधहीन आणि जीवघेणा असतो.

२०१४ च्या एप्रिलमध्ये फियाट वाड्याबाहेर पडली. मामींची इच्छा एकच होती: पाचगणीला जायचे. लग्नानंतर काही वर्षांनी मामांनी त्यांना याच गाडीतून नेले होते. वाई ते पाचगणी म्हणजे पसरणीचा घाट, सुमारे ६०० मीटरांची चढण. मागच्या आसनावर मामी, पुढे मी आणि मुलगा. निम्मा घाट झकास गेला. मग एका वळणावर इंजिन दोनदा उचकले आणि बंद पडले. दुपारचे दोन वाजलेले.

मी बॉनेट उघडून ठिणगी पाहिली, उत्तम. तारांचा क्रम पाहिला. या खेपेस बरोबर. टाकीत पेट्रोल होते, पण कारबुरेटर कोरडा. पंप उघडावा का, असा विचार करत होतो. मामी मागून म्हणाल्या, "पंप कशाला उघडतोस? हे तर त्या डब्यावर ओला पंचा टाकायचे."

टाकला. दहा मिनिटे थांबलो. किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू झाले!

काय झाले होते? पेट्रोल हा एक द्रव नव्हे, अनेक द्रवांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक ३५-४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. या गाडीची टाकी मागे आणि पंप पुढे, तापलेल्या इंजिनाच्या अंगालाच. पंप मागून पेट्रोल ओढतो. ओढताना नळीतला दाब कमी होतो, आणि दाब कमी झाला की उत्कलनबिंदू खाली येतो. त्यात चढण, मंद वेग, एप्रिलचे ऊन. नळीत वाफेचे बुडबुडे धरले. द्रव ढकलला की पुढे सरकतो, वाफ नुसती दबते आणि फुगते. पंपाचा पडदा हलत राहतो, पण पेट्रोल येत नाही. ओल्या पंचातले पाणी वाफ होऊन जाताना दर ग्रॅमला सुमारे ५८० कॅलरी उष्णता ओढून नेते. तेवढेच पाणी एका अंशाने तापवायला एकच कॅलरी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे मातीच्या माठाची आणि मामांच्या पंचाची ताकद कळते. आजच्या मोटारींत विजेचा पंप टाकीतच असतो आणि पेट्रोल दाबाने पुढे ढकलतो, म्हणून हा त्रास सहसा होत नाही.

पाचगणीला टेबललँडच्या पायथ्याशी मामी खाली उतरल्या, गाडीच्या टपावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चहा घेऊ."

अशी गाडी बाळगावी का, असे मला पुष्कळ जण विचारतात. रोजच्या वापरासाठी मी नाहीच म्हणेन. तिच्या धुरावर आजच्या गाड्यांसारखी शुद्धीकरणाची सोय नाही. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसे असे. ते झडपांच्या बैठका सांभाळी, पण मुलांच्या मेंदूला अपाय करी. आपल्या देशात ते २००० साली बंद झाले ते फार चांगले झाले. आम्ही इंजिन उघडलेच होते, तेव्हा कठीण पोलादाच्या नव्या बैठका बसवून घेतल्या. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येते. ते जुने रबर खराब करते आणि हवेतले पाणी शोषते, म्हणून पेट्रोलच्या सगळ्या नळ्या पुन्हा बदलाव्या लागल्या. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र अशा गाडीने प्रदर्शन, फेरी, दुरुस्ती अशाच कामांसाठी रस्त्यावर यायचे असते. आमचा अर्ज अजून चालू आहे.

एक दोष मात्र राहिला आहे. पेट्रोलचा काटा टाकी भरलेली असो वा रिकामी, नेहमी निम्म्यावर उभा असतो. मिस्त्रींनी तरफेचा गोळा दोनदा बदलला, मी तारा तपासल्या, दोष सापडत नाही. म्हणून निघण्यापूर्वी आम्ही टाकीत खुणा केलेली बांबूची काठी घालून पाहतो. ती काठी मागे डिकीत असते, पंचाशेजारी.