आभाळ गरजलं की विमान आलं?

मे महिन्यात मुलांना घेऊन कमठाण्याला, म्हणजे बीदरच्या परिसरात गेलात, की दोन प्रकारचे गडगडाट कानावर येतात. एक वळवाच्या ढगांचा आणि दुसरा बीदरच्या हवाई दल तळावरच्या ‘हॉक’ प्रशिक्षण विमानांचा. गावातली पोरं विमानाकडे मान वर करून बघतात आणि पुन्हा खेळायला लागतात. पुण्या-हैदराबादहून आलेलं चार वर्षांचं लेकरू मात्र दोन्ही आवाजांना आजीच्या पदराआड दडतं. त्याला भित्रं म्हणू नका. त्याचा मेंदू अजून फरक शिकतो आहे.

रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेत १९१४ च्या सुमारास एका कुत्र्याला वर्तुळ दाखवून खाणं देत, लंबवर्तुळ दाखवून देत नसत. काही दिवसांनी फक्त वर्तुळ दिसलं की त्याला लाळ सुटू लागली. मग लंबवर्तुळ हळूहळू गोल करत नेलं. फरक ओळखेनासा झाला, तेव्हा तो शांत कुत्रा बिथरला.

माणसांवरच्या प्रयोगांत पडद्यावर दोन आकृत्या दाखवतात. एकीनंतर विजेचा हलका झटका बसतो, दुसरीनंतर काहीच होत नाही. हाताला सुटणाऱ्या घामावरून भीती मोजतात. सुरुवातीला बहुतेकांना दोन्ही आकृत्यांना घाम फुटतो, नंतर एकीलाच. मात्र त्यासाठी दुसरी आकृतीही पुन्हा पुन्हा दिसावी लागते. आम्ही सॉफ्टवेअरवाले बग शोधताना बिघडलेलं आणि नीट चाललेलं उदाहरण शेजारी ठेवून बघतो, तसंच हे. चिंताविकार असलेल्यांना बऱ्याचदा सुरक्षित खुणेचीही भीती वाटत राहते.

म्हणून विमान आलं की लेकराला घाईने घरात नेऊ नका. जवळ घेऊन अंगणातच बसा. वीज चमकली नाही, आवाज सरकत लांब गेला, हे दाखवा. सांगितल्याने माणूस लवकर शिकतो, आणि अनुभवाने अंगातली धडधडही कमी होते.

ढगांचा गडगडाट झाला तर मात्र सगळ्यांनी लगेच पक्क्या घरात जावं. झाडाखाली थांबू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नये. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप विजेचा इशारा देतं, ते फोनवर असू द्या. मोठी माणसं कोणत्या आवाजाला उठतात आणि कोणत्या आवाजाला निवांत बसून राहतात, हे लेकरू बघतच असतं.